पांढऱ्या भिंतीची खूण

कोर्वेइरो, ६ ऑक्टोबर १९९६

एवारिस्तो,

हे पत्र उघडलंस यातच मला धन्यता मानायला हवी. फोन केला तर तू उचलत नाहीस, तुझी बायको उचलते, आणि तिला माझं काही कळत नाही, मला तिचं. म्हणून कागदावर लिहिते. कागद मध्येच आपटून ठेवता येत नाही.

बाबांना झटका आला. तीन आठवडे झाले. सकाळी अंगणात शेवंडांचे पिंजरे विणत बसले होते, तिथेच कलंडले. उजवी बाजू पूर्ण गेली. डावा हात चालतो, डोळे चालतात, आणि राग तर विचारूच नकोस. वाचा मात्र गेली. गेली म्हणजे सगळी नाही. एक शब्द राहिलाय.

'मार.'

म्हणजे आपला समुद्र, तेवढाच. पाणी हवं असलं की 'मार'. नको असलं की 'मार'. उशी टोचली, 'मार'. मी सार भरवताना हात हिसडला, सगळं सार माझ्या अंगावर सांडलं, आणि वर मलाच ओरडून 'मार!' डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मेंदूत सगळं विझतं आणि एखादाच शब्द तेवत राहतो, तो कुठला राहील ते आपल्या हाती नसतं.

ते ऐकलं आणि मला तू आठवलास. अकरा वर्षांपूर्वीचं आपलं स्वयंपाकघर. आपला धाकटा, तोमे, जाऊन तीन दिवस झाले होते. तू टेबलापाशी उभा राहून विचारलंस, "कुठंय तो? नेमका कुठं पडला, एवढं तरी सांगा!" बाबांनी ताटातून मान वर केली नाही. "मार," म्हणाले. समुद्रात. झालं. तू ताट भिंतीवर फेकलंस आणि त्या आठवड्यात आयर्लंडची बोट धरलीस. ताटाचा डाग अजून आहे भिंतीवर. मीच पुसला नाही.

तुला बोलवत नाही. कळवलं इतकंच. अंगणात थोडं काम काढलंय, त्याचा आवाज, धूळ, म्हणून आज एवढंच.

दोसिंदा

*

२१ ऑक्टोबर

एवारिस्तो,

तुझ्याकडून काही नाही. नूलाचं कार्ड मात्र आलं. पोर तुझी गोड आहे हो, अक्षर तुझ्यासारखं कोंबडीचे पाय असलं तरी. लिहिते की तिच्या शाळेत आयरिश शिकवतात आणि त्या भाषेतही 'मार' आहे, पण त्याचा अर्थ 'कारण'. मी ते बाबांना वाचून दाखवलं. ते माझ्याकडे बघत राहिले. कारण काय, ते मात्र कोणीच सांगत नाही, ना तिकडे ना इकडे.

बाबांना उचलायला बाई ठेवली आहे. इदालीना. सीमेपलीकडची, पोर्तुगीज, हाताला लोखंड, जिभेला त्याहून. पहिल्या दिवशी बाबा 'मार, मार' करत होते तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आमच्याकडेपण मारच म्हणतात, आजोबा. मला नवीन शब्द शिकवा की एखादा." बाबा झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. अर्धंच तोंड हसलं, पण हसले.

तिचंच म्हणणं पडलं की बाबांना समुद्र बघायचा असेल. मलाही पटलं. चाकांच्या खुर्चीत घालून धक्क्यावर नेलं. सगळं गाव गोळा झालं. बाबांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. मान वळवून घराकडे बघत राहिले, डाव्या हाताने टेकडीवरचं आपलं घर दाखवत राहिले, 'मार, मार, मार'. मला वाटलं, थंडी वाजत असेल, घरी चला म्हणत असतील. आणलं घरी.

आता ते अंगणातलं काम. जाळ्यांची कोठी पाडली. त्या जागी खालच्या मजल्यावर न्हाणीघर होतंय, बाबांना जिना चढवत नाही म्हणून. तुला विचारायला हवं होतं, त्यात तुझाही वाटा आहे, ठाऊक आहे मला. पण तू तिथून उंटावरून शेळ्या हाकणार आणि बाबांचं ओलं अंथरूण बदलायला मी. गवंडी शहरातले, ते हिवाळ्याच्या आधीच मोकळे होते. पाडायला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी बाबा फार ओरडले. दुसऱ्या दिवशी शांत झोपले.

कोठीची ती समुद्राकडची पांढरी भिंत पडली तेव्हा मला जरा बरंच वाटलं, खरं सांगू? दर ऑक्टोबरात त्या एका भिंतीला बाबा चुन्याचे तीन हात द्यायचे. बाकीचं घर शेवाळलेलं, आणि ती एक भिंत नवरीसारखी. सगळं गाव हसायचं.

दोसिंदा

*

३ नोव्हेंबर

एवारिस्तो,

बसून वाच.

काल मृतांचा दिवस होता. सकाळीच बाल्बीनोकाका दारात उभे. डोक्याला तेल, अंगात कोट. म्हणाले, "चल, लेआंद्रोला तयार कर. बोट धुतलीय."

"कसली बोट?" मी म्हटलं. "काका, बाबा आजारी आहेत."

"दरवर्षी नेतो. त्याचे गुडघे गेल्यापासून मीच नेतो. तुला ठाऊक नाही होय?"

मला ठाऊक नव्हतं. बाबा दोन तारखेला बाल्बीनोकाकांबरोबर 'पिंजरे बघायला' जातात, इतकंच मला ठाऊक होतं. दोन नोव्हेंबरला कोण पिंजरे बघायला जातं, हा प्रश्न मला अकरा वर्षांत पडला नाही. अशी मी शहाणी.

बाबांनी शेवंतीचा गुच्छ मांडीवर धरला होता. इदालीनाने दुकानातून आणला, तोही बाबांनी कॅलेंडरवर बोट ठेवून 'मार' म्हटलं म्हणून. माझ्याआधी तिला कळलं. काकांनी बाबांना पाठुंगळी घेतलं, आम्ही दोघी मागून. बोट खाडीबाहेर गेली. बाबा नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, तोंड जमिनीकडे करून. वाटेत काकांनी सांगितलं.

बाबा तोमेपाशी जातात. तोमे जिथे पडला, नेमकं तिथे, हातभरही इकडेतिकडे नाही. पावाच्या खडकावर. आपल्या घराण्याचा तो खडक, शेवंडांचा, तो तुला चांगलाच ठाऊक आहे. मला कुठून असणार? मुलींना खुणा सांगत नाहीत. मला ऐकून इतकंच माहीत की जमिनीवरच्या दोन वस्तू एकीमागे एक आल्या की ती एक रेघ, बाजूच्या आणखी दोन आल्या की दुसरी रेघ, आणि दोन रेघा मिळतात तिथे खाली खडक. आणि हेही की खुणा थोरल्या मुलालाच दाखवायच्या, एकदाच, समुद्रावर. जमिनीवर त्यांचा उच्चार करायचा नाही, कागदावर तर नाहीच नाही.

"मग काका, तुम्हाला माहीत असेल ना जागा? तुम्हीच नेता," मी म्हटलं.

काका असे बघायला लागले, जणू मी त्यांना चोर म्हटलं. "मी? अगं, लेआंद्रोने हात वर केला की मी पाठ फिरवतो. दुसऱ्याच्या खुणा बघायच्या म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालायचा. तो बोटीच्या कडेवर टकटक करतो. एकदा केलं की डावीकडे, दोनदा केलं की उजवीकडे. मी समुद्राकडे तोंड करून वल्ही मारतो. फक्त ती तुमची भिंत तेवढी दिसायची. ती न बघायला माणूस आंधळाच हवा. ती चॅपलमागून बाहेर आली की त्याचा हात वर."

मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं. आणि बाबांनी पाहिलं. आणि मग मीही पाहिलं.

टेकडीवर चॅपल होतं. त्याच्यामागे आपलं घर होतं. भिंत नव्हती. तिच्या जागी न्हाणीघराचं बुटकं, राखाडी सिमेंट, धुक्यात तर दिसेनासंच.

दोन तास फिरलो, एवारिस्तो. बाबांचा हात वर जायचा, थांबायचा, खाली यायचा. एक टकटक. दोन. पुन्हा एक. मग नुसतीच टकटक, अर्थ नसलेली. शेवटी काका म्हणाले, "लेआंद्रो, इथेच टाक की रे, सगळं एकच पाणी." बाबांनी गुच्छ छातीशी घट्ट धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'मार'. त्यांनी टाकला नाही. शेवंती घरी परत आली. न्हाणीघरातल्या नव्या बादलीत आहे.

आणि मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. दुसऱ्या दिवशी बाबा शांत झोपले नव्हते. पहिल्या दिवशी ते इतके ओरडले की गवंडी कुदळ टाकून उभे राहिले, म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना झोपेची गोळी दिली. एकीच्या जागी दोन दिल्या. ते 'मार, मार' करून भिंत, भिंत म्हणत होते आणि मी त्यांना झोपवून ती पाडली.

दोसिंदा

*

२४ नोव्हेंबर

एवारिस्तो,

बाबा जेवत नाहीत. कोबी-बटाट्याचं सार दोन चमचे, पावाचा भिजवलेला तुकडा, बस. इदालीना नाक दाबून भरवते, ते थुंकतात. ती म्हणते, "मालकीणबाई, याला रोग नाही. याने ठरवलंय." मी तिच्यावर ओरडले. नंतर न्हाणीघरात जाऊन रडले, कारण तिथेच एकटं बसायला जागा आहे, आणि रडतानासुद्धा ते न्हाणीघर किती छान झालंय हे दिसत होतं. बाबा त्यात एकदाही गेले नाहीत. दारातून नेलं की डोळे मिटून घेतात.

भिंत होती तिथे मी बांबूवर चादरी टांगल्या. काका धक्क्यावरून ओरडून म्हणाले, "दिसतंय गं! धुणं दिसतंय!" रात्रीच्या वाऱ्याने चादरी फाटून शेजारच्या मक्यात गेल्या. वादळ दोन आठवडे चालू आहे. बंदर बंद. बोट जाऊच शकत नाही, आणि गेली तरी बाबांना न्यायचं कसं, ते आता भिजलेल्या सुतळीसारखे झालेत.

म्हणून आता मागते. कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे. तुला खुणा माहीत आहेत. चौदा वर्षांचा असताना तुला बाबांनी दाखवल्या. तू त्या दिवशी घरी आलास तेव्हा नाक इतकं वर होतं की दाराच्या चौकटीला लागलं असतं. मला आठवतंय, मी तुला भजी द्यायला नकार दिला होता. नियम मोड, मी शपथेवर सांगते, कोणालाही दाखवणार नाही. लिहून पाठव. वाचून कागद चुलीत टाकीन. वादळ थांबलं की काका आणि मी जाऊ, शेवंती तिथे टाकू, घरी येऊन बाबांना सांगू की टाकली. मग ते जेवतील. नाही जेवले तरी त्यांना ठाऊक असेल.

चार ओळींचं काम आहे. चार ओळी लिही.

दोसिंदा

*

१९ डिसेंबर

एवारिस्तो,

तुझं पत्र आलं. अकरा वर्षांतलं पहिलं.

तीनदा वाचलं. पहिल्यांदा चुलीपाशी उभी राहून, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा मोठ्याने.

तुला खुणा माहीत नाहीत. तू लिहितोस की चौदाव्या वर्षी त्या दिवशी समुद्र खवळलेला होता, तुझं पोट ढवळत होतं, बाबा एक हात इकडे, एक हात तिकडे करून काही सांगत होते, आणि ओकारी येऊ नये म्हणून तू बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्याकडे बघत होतास. "कळलं?" त्यांनी विचारलं. तू मान हलवलीस. ते पुन्हा कधी दाखवणार नव्हते, म्हणून तू पुन्हा कधी विचारू शकला नाहीस. दहा वर्षं बाबांच्या बोटीवर नुसता मागे बसून होतास. आणि त्या मार्चच्या सकाळी बाबा म्हणाले, "आज सुकाणू तुझ्याकडे, ने आम्हाला खडकावर." तुला नेता येणार नव्हतं. म्हणून तू इंजिनाच्या पैशांवरून भांडण उकरून काढलंस, दार आपटलंस आणि गुत्त्यात जाऊन झोपलास. तुझ्या जागी तोमे गेला.

मी आधी चिडले. इतकी चिडले की तुझं पत्र फाडायला घेतलं. एक मान हलवणं रे, चौदा वर्षांच्या मुलाचं! आणि त्याच्यावर आमचं सगळं आयुष्य गेलं. मग मला त्या स्वयंपाकघरातले बाबा दिसले. तू विचारत होतास, कुठे पडला? आणि त्यांच्या लेखी तुला माहीत होतं. त्या दिवशी खडकावरच जायचं होतं, तूच नेणार होतास. मग हा का विचारतोय? जमिनीवर, माझ्यासमोर, आईसमोर, जे बोलायचं नसतं ते का बोलायला लावतोय? म्हणून ते म्हणाले, 'मार'. त्यांनी तुला तोडलं नव्हतं. तू पोरका होऊन निघून गेलास, आणि ते इकडे तुझी वाट बघत भिंतीला चुना लावत राहिले.

मोठ्याने वाचलं ते बाबांच्या उशाशी. माझ्यावर रागावशील तर रागाव. इदालीना म्हणाली, "बाई, कशाला? त्याला काय समजतंय?" मी सगळं वाचलं, ओकारीपासून गुत्त्यापर्यंत. बाबा छताकडे बघत होते. शेवटी डोळे मिटले. तो एक शब्दही बोलले नाहीत. समजलं की नाही, मला माहीत नाही.

म्हणजे आता असं आहे. बाबांना माहीत आहे, सांगता येत नाही. काकांनी सभ्यपणे पाठ फिरवली. तू मान हलवलीस. आणि मला कोणी विचारलंच नाही.

नाताळाला येत नाही, असं तू लिहायच्या आत मीच लिहिते: ये. बोटीवरून सुटी मिळाली तर ये. काहीही आणू नकोस.

दोसिंदा

*

९ फेब्रुवारी १९९७

एवारिस्तो,

बाबा गेल्या बुधवारी गेले. सकाळी, इदालीना दाढी करत असताना. एक गाल झाला होता. तिने दुसराही केला, मग मला हाक मारली.

तुझ्या बंदरावर तीनदा फोन केला. शेवटी एकाने स्पॅनिशमध्ये सांगितलं, बोट तीन आठवड्यांसाठी बाहेर आहे, हवा वाईट आहे. मी काय म्हणणार? ठेवला फोन. आईशेजारी पुरलं. लोक बरेच होते. तुझ्या नावानेही हार लावला मी, रंग तुला आवडला नसता.

आता दुसरं सांगते.

जानेवारीच्या शेवटी चार दिवस समुद्र शांत पडला. एकदम, तेल ओतल्यासारखा. त्याआधी मी भिंत उभी केली होती. हसू नकोस. तुझ्या आणि तोमेच्या खोलीचं दार काढलं, माझ्या खोलीचं काढलं, आईच्या कपाटाची पाठ काढली, तिन्ही न्हाणीघराच्या छपरावर उभी करून खिळे ठोकले, दोरांनी बांधलं आणि चुन्याचे तीन हात दिले. गवंडी बघून गेला, म्हणाला, "बाई, हे घर आहे की शिडाची होडी?" जुन्या भिंतीचा कोपऱ्याचा दगड जागेवरच होता, त्या रेषेत धरलं. उंची अंदाजाने. घरात आता दारं नाहीत. इदालीना म्हणते, बरं झालं, ऐकू येतं.

बाबांना काकांनी टोपलीसारखं उचललं. तितकेच उरले होते. नाळेवर ब्लँकेटात गुंडाळून बसवलं. शेवंती मिळत नाही जानेवारीत, गावच्या पोरांनी टेकडीवरून पिवळी काटेरी फुलं तोडून आणली होती, ती मांडीवर. टेकडीवरचं चॅपल दिसायला लागलं. आणि चॅपलमागून, एवारिस्तो, हळूहळू, आपली दारं बाहेर आली. पांढरीशुभ्र. काकांनी टोपी काढली.

बाबांचा हात वर गेला. काकांनी पाठ फिरवली. आणि मीपण फिरवली. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण लहानपणापासून हेच बघितलेलं, हे आपल्यासाठी नाही. इदालीनाने माझं बघून फिरवली. तिघंही मूर्खासारखे मोकळ्या समुद्राकडे तोंड करून. मागून एक टकटक. मग दोन. मग एक. मग काहीच नाही. बोट थांबली.

मग माझ्या हनुवटीला काहीतरी थंड लागलं. बाबांचा हात होता. त्यांनी माझं तोंड धरलं आणि वळवलं, जमिनीकडे. 'मार,' म्हणाले, आणि बोटाने दाखवलं. हे आणि त्याच्यामागे ते. मी मान हलवली. त्यांनी हनुवटी सोडली नाही. मी म्हटलं, "कळलं, बाबा." तरी सोडली नाही. माझ्या डोळ्यांत बघत होते, मी खरंच तिकडे बघतेय की बोटीच्या तळाकडे, ते तपासत होते. त्यांना ते पत्र समजलं होतं. शब्दन् शब्द समजला होता. माझी नजर नेमकी त्या जागी जाऊन थांबली तेव्हाच त्यांनी माझं तोंड दुसऱ्या बाजूला वळवलं. 'मार.' हे आणि त्याच्यामागे ते. पुन्हा तितकाच वेळ. मग फुलं माझ्या हातात दिली. मी टाकली. ती जागेवरच राहिली, वाहून गेली नाहीत, समुद्र इतका स्वस्थ होता.

घरी आल्यावर बाबांनी सार पूर्ण खाल्लं. त्यानंतर आठ दिवस, शेवटपर्यंत.

तू विचारशील, काय आहेत त्या खुणा. विचारशीलच. बारा वर्षं झाली, हक्क आहे तुझा. पण जमिनीवर बोलायच्या नसतात आणि कागदावर लिहायच्या नसतात, आणि बाबांनी मला दाखवल्यात म्हटल्यावर तो नियम आता माझा. तेव्हा तुझी बोट बंदराला लागली की आयर्लंडहून निघ. नूलाला आण. काका आपल्याला नेतील आणि पाठ फिरवतील. तू नाळेवर बस. पोट ढवळलं तर ढवळू दे, ओक हवं तर, मी बादली आणीन. मी तुझी हनुवटी धरीन.

या वेळी मान हलवू नकोस. बघ.

दोसिंदा